एम.बी.ए.ची पदवी की सनदेची परीक्षा?

कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाने गुंतवणूक व्यवस्थापनाच्या शिक्षणावर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु अलीकडे आमच्या भूमच्या बाजारपेठेत हा प्रश्न वारंवार कानी येतो. मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. होते, म्युच्युअल फंड, शेअर बाजार या लाइनीत जायचे म्हणते, आणि बाप दुकानाची पायरी चढून विचारतो, ‘‘सेठ, एम.बी.ए.ला घालू की त्या सी.ए., सी.एफ.ए.च्या परीक्षांना बसवू?’’ विचारणारे बहुधा शिंपी, बकऱ्यांचे व्यापारी, खव्याच्या भट्टीवाले, चपलांचे दुकानदार असे कष्टाचे लोक असतात. चार-पाच लाख रुपये म्हणजे त्यांच्यासाठी एखादा प्लॉट असतो, नाही तर मुलीचे लग्न. तेव्हा अंदाजाने उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही जी माहिती गोळा केली ती येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. तालुक्याच्या गावातील व्यापारी-कारागीर घरातल्या मुलाने आधी परीक्षा द्याव्यात, काम धरावे, एम.बी.ए. करायचेच असेल तर देशातल्या मोजक्या नामवंत संस्थांत जागा मिळाली तरच करावे. मधल्या दर्जाच्या एम.बी.ए.साठी प्लॉट विकू नये. आता यामागची कारणे पाहू.

हा धंदा आहे तरी कोणता?

गुंतवणूक व्यवस्थापन म्हणजे दुसऱ्याचा पैसा अमानत म्हणून हाती घेऊन तो धंद्यात लावणे. आपल्या लोकांना यात नवे काही नाही. भांडवल एकाचे, मेहनत व अक्कल दुसऱ्याची, नफा आधी ठरलेल्या हिश्शाने आणि तोटा आला तर भांडवलवाल्याचा, मेहनतवाल्याची मेहनत फुकट, याला फिक्हच्या भाषेत मुदारबा म्हणतात. हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) शामच्या सफरीवर गेले होते, तो व्यवहार याच जातीचा होता. म्युच्युअल फंडात एक फरक पडतो. तेथे नफा होवो की तोटा, कंपनी आपली फी कापून घेतेच. म्हणून काही जाणकार त्याला मुदारबापेक्षा वकाला, म्हणजे फी घेऊन केलेली वकिली, म्हणणे अधिक योग्य समजतात. असो.

या धंद्यात माणसे चार प्रकारची लागतात. प्रत्यक्ष पैसा कुठे लावायचा ते ठरवणारा फंड मॅनेजर; कंपन्यांचे ताळेबंद तपासून त्याला अहवाल देणारा विश्लेषक; कुटुंबाची परिस्थिती पाहून फी घेऊन सल्ला देणारा सल्लागार; आणि कमिशनवर फंड विकणारा वितरक. देशात म्युच्युअल फंड कंपन्या पन्नासच्या आसपास आहेत व जवळपास सर्व मुंबईत आहेत. म्हणजे फंड मॅनेजरच्या खुर्च्या देशभर मिळून काही शेकडाच भरतील. विश्लेषकाच्या जागा त्याहून पुष्कळ जास्त, आणि सल्लागार व वितरक तर प्रत्येक तालुक्याला लागतात. मुलगा यांपैकी काय होऊ पाहतो हे विचारल्याखेरीज कोणता अभ्यासक्रम चांगला हे सांगताच येणार नाही. परंतु आमच्या अनुभवात हा प्रश्न दहापैकी नऊ बाप विचारीत नाहीत. ते सरळ फी विचारतात.

आपल्यात असे लोक नसल्याची किंमत

हा विषय केवळ नोकरीचा असता तर आम्ही इतके लिहिले नसते. आपल्या लोकांची बचत चार ठिकाणी जाते: सोने, प्लॉट, भिशी आणि दुकानातला माल. व्याज नको म्हणून मुदत ठेव नको, आणि शेअर बाजार म्हणजे जुगार असा समज. या पोकळीत ‘हलाल नफा’ असे फलक लावून कोणी आला की लोक रांगा लावतात. बंगळूरची आय.एम.ए. ही कंपनी २००६ साली निघाली व जून २०१९ मध्ये कोसळली. तिचा प्रमुख दुबईला निघून गेला आणि जुलै २०१९ मध्ये परतल्यावर दिल्लीत पकडला गेला. हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे त्यात अडकले. कोणाचे निवृत्तीचे, कोणाचे हजचे, कोणाचे मुलीच्या लग्नाचे. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादच्या हीरा गोल्डच्या प्रमुख महिलेला अटक झाली होती. तेथेही गुंतवणूकदार बहुतांश आपलेच. ही प्रकरणे न्यायालयांत गेली. दोषाचा निवाडा न्यायालयाने करावा. आमचा मुद्दा वेगळा आहे. या कंपन्यांचे कागद मागून वाचील आणि ‘‘यात पैसा टाकू नका’’ असे नात्यातल्या, मोहल्ल्यातल्या लोकांना सांगेल असा शिकलेला माणूस किती गावांत होता?

कापडाच्या धंद्यात असलेला कोणीही जाणतो की नफा दर महिन्याला सारखा येत नाही. रमजान व लग्नसराईत हात रिकामा राहत नाही, तर आषाढात शेतकरी पेरणीत गुंतलेला असताना दिवसभर माशा माराव्या लागतात. तेव्हा जो दरमहा बांधीव टक्के ‘नफा’ वाटतो तो एक तर व्याज वाटतो किंवा नव्या गिऱ्हाइकाचा पैसा जुन्याला देतो. एवढे कळायला पदवी लागत नाही. परंतु ते कागदावर सिद्ध करून दाखवायला ताळेबंद वाचता आला पाहिजे, आणि तो वाचण्याचे शिक्षण नेमके कोठे मिळते, हाच आजचा प्रश्न आहे. देवाणघेवाण लिहून ठेवावी, लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, हा आदेश कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत आला आहे. आपल्याकडे नमाजी पुष्कळ आहेत. लिहिणारे आणि वाचणारे कमी पडतात.

एम.बी.ए.मध्ये विकत काय मिळते?

आम्ही गिऱ्हाइकाला ठाण दाखवतो तेव्हा तो आधी काठावरचा मिलचा छाप पाहतो, मग कापड चोळून पाहतो. एम.बी.ए.मध्ये छाप मोठा असतो. अहमदाबादची आय.आय.एम. १९६१ साली स्थापन झाली, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. मोठे फंड, बँका, दलालीच्या पेढ्या या व अशा थोड्या संस्थांच्या आवारात येऊन मुले निवडतात. तेथे शिकवले जाणारे वित्तशास्त्र पुस्तकांतही मिळते. आवारात येणाऱ्या कंपन्या पुस्तकांत मिळत नाहीत. फीचा मोठा भाग त्या दरवाजासाठी असतो. आय.आय.एम. अहमदाबादची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या घरात गेली आहे. जमनालाल बजाजची त्यामानाने पुष्कळ कमी, परंतु तेथे प्रवेशासाठी राज्याच्या सी.ई.टी.मध्ये लाखभर मुलांतून अगदी वरच्या ओळीत यावे लागते.

ज्या संस्थेत मुंबईचे फंड येत नाहीत तेथे त्याच दोन वर्षांत काय मिळते? पदवी मिळते, ओळखी मिळतात, थोडे इंग्रजी व बोलण्याचा धीटपणा येतो, आणि आवारात बहुधा विमा व कर्ज विकणाऱ्या कंपन्या येतात. ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ म्हणून मोटारसायकलवर फिरणाऱ्या मुलाला एम.बी.ए. लागत होते काय? आम्ही सर्व लहान संस्थांना नावे ठेवीत नाही. आपल्या समाजानेही व्यवस्थापन संस्था उभ्या केल्या आहेत. पुण्याच्या आझम कॅम्पसमधील अलाना संस्था त्यांपैकी एक. ज्याला बापाचा धंदा वाढवायचा आहे, कारखाना चालवायचा आहे, त्याने तेथे अवश्य शिकावे. परंतु गुंतवणूक व्यवस्थापन हा एम.बी.ए.चा एक कोपरा आहे, आणि त्या कोपऱ्यात शिरण्याची वाट लहान संस्थांतून फार अरुंद आहे.

आणखी एक अडचण आपल्यासाठी खास आहे. एम.बी.ए.ची मोठी फी बहुधा बँकेच्या शैक्षणिक कर्जातून भरली जाते व ते कर्ज व्याजाचे असते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी व्याजाने मिळते, पण कमी असले तरी व्याज ते व्याजच. यात कोणाला किती सूट आहे हे आलिमांना विचारावे. आम्ही फतवा देणारे नव्हे. हिशेबाच्या बाजूने मात्र सांगू शकतो की पंचवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर वीस लाखांचे ओझे असले की तो पहिली मिळेल ती नोकरी पत्करतो. मग ती व्याजी कर्ज विकण्याची असली तरी तिला नाही म्हणण्याची ताकद त्याच्यात उरत नाही.

परीक्षांचा बाजार

परीक्षांत पहिली सी.ए. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली ही सनद आहे. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग फायनल. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन वगळून सरळ इंटरला नाव नोंदवता येते. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. संस्थेची सर्व फी मिळून लाखाच्या आत बसते आणि आर्टिकलशिपमध्ये थोडे का होईना विद्यावेतन मिळते. खर्च होतो तो खासगी शिकवण्यांवर, आणि वर्षांवर. फायनलचा निकाल किती कमी लागतो हे सर्वांना ठाऊक आहे. दोन-तीनदा नापास होणे यात लाजेचे काही नाही, पण घरातल्यांनी त्याची तयारी ठेवली पाहिजे.

सी.ए.ला लोक कराचा वकील समजतात. शेअर बाजाराचा इतिहास काही निराळे सांगतो. राकेश झुनझुनवाला १९८५ साली सी.ए. झाले होते. मोतीलाल ओसवाल व रामदेव अग्रवाल ही जोडी राजस्थान व छत्तीसगडमधून मुंबईला आली, दोघेही सी.ए. झाले आणि १९८७ साली त्यांनी लहानशी दलाली सुरू केली. आज ती देशातल्या मोठ्या पेढ्यांत गणली जाते. कोटक म्युच्युअल फंडाचे नीलेश शाह हेही सी.ए. आहेत. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. प्रशांत जैन यांनी आय.आय.टी. कानपूर, आय.आय.एम. बंगळूर व वर सी.एफ.ए. असे तिन्ही केले. एस. नरेन आय.आय.टी. मद्रास व आय.आय.एम. कोलकात्याचे. इन्व्हेस्को म्युच्युअल फंडाच्या शेअर गुंतवणुकीची धुरा सांभाळलेले ताहेर बादशाह हे अभियंते व मुंबईच्या एस.पी. जैन संस्थेचे. नीट पाहा. पदवीच्या दाराने आत गेलेली ही मंडळी आधी इंजिनिअर होऊन मग वरच्या रांगेतल्या संस्थेत गेली. मारवाडी व्यापारी घरातली मुले सी.ए.च्या दाराने गेली. आपली मुले कोणत्या दाराजवळ उभी आहेत याचा विचार पालकांनी करावा.

दुसरी परीक्षा सी.एफ.ए. ही अमेरिकेतल्या संस्थेची आहे. तेथे पहिली परीक्षा १९६३ साली झाली. डॉक्टरला, वकिलाला परवाना लागतो तर लोकांच्या पैशाचे विश्लेषण करणाऱ्याला का नको, असा प्रश्न बेंजामिन ग्रॅहॅम या विद्वानाने १९४० च्या दशकात उपस्थित केला होता. त्यातून हे झाड वाढले. आपल्याकडे हैदराबादच्या इक्फाई संस्थेने याच नावाचा स्वतःचा अभ्यासक्रम पुष्कळ वर्षे चालवला व नावाचा वाद न्यायालयात गेला. म्हणून जुन्या कोणाच्या नावापुढे सी.एफ.ए. दिसले तर ते कोणाचे, हे विचारून घ्यावे.

ही परीक्षा तीन टप्प्यांची, संगणकावर, संपूर्ण इंग्रजीत. पदवीच्या अखेरच्या काळात असतानाच पहिला टप्पा देता येतो. प्रत्येक टप्प्याला सुमारे ३०० तास अभ्यास लागतो असे ती संस्थाच सांगते. दुकान बंद झाल्यावर रोज दोन तास धरले तर हे पाच महिन्यांचे काम आहे. फी मात्र डॉलरमध्ये आहे. टप्प्याला हजार ते दीड हजार डॉलर. तिन्ही टप्पे पहिल्या खेपेस पार पडले तरी तीन-चार लाख रुपये जातात. गरजू विद्यार्थ्यांना फीत मोठी सवलत देणारी शिष्यवृत्ती ती संस्था देते, मुलींसाठी निराळी आहे, आणि आपल्यातले फार थोडे लोक तिला अर्ज करतात. तिन्ही परीक्षा झाल्या तरी सनद लगेच हाती पडत नाही. किमान तीन वर्षांत मिळून ४,००० तास संबंधित कामाचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे सी.एफ.ए. हे नोकरीत असलेल्याला वर नेणारे शिक्षण आहे. नोकरी ते आणून देत नाही. शिकवणीवाले ही गोष्ट सांगत नाहीत.

तिसरी वाट एन.आय.एस.एम.ची. बहुतेक वाचकांना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २००६ साली ही संस्था स्थापन केली. तिचे आवार आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. या धंद्यात प्रत्येक कामाला तिची एक परीक्षा आहे. म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा दोन तासांची, १०० गुणांची. पन्नास मिळाले की उत्तीर्ण, आणि फी दोन हजारांच्या आत. त्यानंतर ‘ॲम्फी’ या फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणी झाली की काम सुरू करता येते. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, मग नूतनीकरण. पदवी नसलेल्या, पण हिशेब पक्का असलेल्या दुकानदाराच्या मुलालाही ही वाट उघडी आहे.

सल्लागाराची वाट थोडी कठीण. सेबीचे सल्लागारांसाठीचे नियम २०१३ चे आहेत. त्यांत पूर्वी पदव्युत्तर शिक्षण वा व्यावसायिक सनद आणि वर अनुभव मागितला जाई. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलले. आता वाणिज्य, अर्थशास्त्र, वित्त अशा विषयांतली साधी पदवी पुरते, अनुभवाची अट गेली, आणि एन.आय.एस.एम.च्या सल्लागारासाठीच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात. त्यांत साठ टक्के लागतात व चुकीच्या उत्तराला गुण कापतात. ही बातमी आमच्या मते फार महत्त्वाची आहे. कालपर्यंत भूमच्या बी.कॉम. मुलाला सल्लागार होण्यासाठी जी पदव्युत्तर पदवी अडवत होती, ती अट कायद्यानेच काढून टाकली. पन्नास लाखांच्या वरचे पैसे सांभाळणाऱ्या पोर्टफोलिओ व्यवस्थापकांसाठीच्या २०२० च्या नियमांतही मुख्य अधिकाऱ्याकडे विद्यापीठाची पदवी किंवा सी.एफ.ए. किंवा एन.आय.एस.एम.चा पदव्युत्तर अभ्यासक्रम, यांपैकी काहीही चालते, वर पाच वर्षांचा अनुभव. कायद्याच्या काट्यावर पदवी व सनद सारख्याच तोलल्या जातात.

एका मास्टरचा हिशेब

आमच्या बाजारात शिवणकाम करणाऱ्या एका मास्टरची मुलगी बी.कॉम.ला ६८ टक्के मिळवून पास झाली. एका मोठ्या शहरातल्या खासगी संस्थेचा माणूस त्यांच्या घरी येऊन गेला होता. दोन वर्षांची फी, वसतिगृह, जेवण मिळून सात लाख. ‘शंभर टक्के नोकरी’ असे छापलेला रंगीत कागद. मास्टरांनी जागेचे गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते. आम्ही मुलीलाच विचारले, ‘‘बेटी, तुला काम काय करायचे आहे?’’ ती म्हणाली, ‘‘चाचा, मला कंपन्यांचे हिशेब तपासायला आवडते. विकायला नाही आवडत.’’ मग आम्ही तिला एवढेच सांगितले की त्या संस्थेला फोन कर आणि गेल्या वर्षी विश्लेषकाच्या जागेवर किती मुले लागली, कोणत्या कंपनीत, ते लेखी माग. लेखी उत्तर आले नाही. मास्टर म्हणाले, ‘‘सेठ, मापाशिवाय कापड कापायला निघालो होतो.’’

ती सी.ए. इंटरला नाव नोंदवून बार्शीला एका सी.ए.कडे काम शिकत आहे, एस.टी.ने जाते, संध्याकाळी घरी येते. पुढे तिचे काय होईल ते अल्लाहला ठाऊक. फायनल पार पडेलच असे आम्ही कोणाला सांगत नाही. पण इंटरवर थांबली तरी जी.एस.टी.ची विवरणपत्रे, लेखापरीक्षण, ताळेबंद हे हातचे काम तिच्याजवळ राहील, आणि जागा अजून मास्टरांच्या नावावर आहे. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. दूरच्या शहरात वसतिगृहात ठेवण्यास जे पालक तयार नसतात ते शिक्षणच बंद करतात. परीक्षांची वाट घरी राहूनही चालता येते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाप्रमाणे वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर वा पदविकाधारक चार टक्क्यांहून कमी होते. इतक्या थोड्यांतून जी मुलगी पदवीपर्यंत आली तिला घरी बसवणे आपल्याला परवडणारे नाही.

भाषेची गोष्ट

आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. सूद-ए-मुफ्रद आणि सूद-ए-मुरक्कब, म्हणजे सरळ व चक्रवाढ व्याज, यांची गणिते आम्ही फळ्यावर सोडवली; व्याज हराम असले तरी गणित हराम नव्हते. आपल्या मुलांचे गणित कोठे अडत नाही, इंग्रजी अडते. सी.ए.ची परीक्षा हिंदीतही देता येते. उर्दू किंवा मराठीत येत नाही. सी.एफ.ए. तर इंग्रजीशिवाय नाहीच. म्हणून ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने अकरावीपासून रोज एक इंग्रजी अर्थविषयक वर्तमानपत्र वाचावे. समजो न समजो, वाचावे. सहा महिन्यांत तेच तेच शब्द फिरून येतात हे लक्षात येते. कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. आम्ही मुलांना सांगतो की कापडाच्या कंपनीचा अहवाल आधी उघडा. सूत, रंगाई, शिल्लक माल, उधारी हे शब्द तुम्हाला घरातच ठाऊक आहेत. डॉक्टरच्या मुलाला ‘इन्व्हेंटरी’ शिकवावी लागते, आपला मुलगा तिच्यावर पाय ठेवून वाढला आहे.

हलाल-हरामचा प्रश्न

हा सर्व धंदा व्याजाचाच नाही काय, असे काही बुजुर्ग विचारतात. त्यात रोखे आहेत, व्याज आहे, हे खरे. परंतु शेअर म्हणजे कंपनीतली शिरकत, आणि कंपनीचा धंदा जायज असला, तिच्यावरचे व्याजी कर्ज ठराविक मर्यादेत, साधारणतः एक तृतीयांशाच्या आत असले, तर अनेक आलिमांनी त्याला परवानगी दिली आहे. त्यातला व्याजाचा अंश काढून सदका करावा लागतो. या निकषांवर मुंबई बाजारात २०१० साली शरीअत निर्देशांक सुरू झाला. टाटा एथिकल हा शरीअतच्या चौकटीत गुंतवणूक करणारा फंड आहे, त्याची मूळ योजना १९९६ ची. २००९ पासून शरीअत निर्देशांकावर चालणारा ईटीएफही बाजारात आहे. म्हणजे जागा आहेत, पण थोड्या. कर्ज किती, व्याजाचे उत्पन्न किती, हे तपासायला ताळेबंद वाचणारा आणि फिक्ह जाणणारा असे दोन्ही गुण एका माणसात लागतात, आणि असे लोक बोटांवर मोजण्याइतके. बहारीनच्या ‘अयोफी’ या १९९१ साली स्थापन झालेल्या संस्थेची शरीअत सल्लागार व लेखापरीक्षकाची सनद आहे; मलेशियात ‘इन्सीफ’ हे खास विद्यापीठ आहे. भारतात इस्लामी बँकेला परवानगी मिळालेली नाही. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने तो विचारच सोडल्याचे सांगितले. त्यामुळे या सनदांना येथे बाजार लहान व आखातात मोठा. मदरशातून फारिग झालेला एखादा मुलगा बी.कॉम. करून या वाटेने गेला तर त्याला एम.बी.ए.वाल्यांशी शर्यतच करावी लागणार नाही.

वितरकाच्या कामाविषयी एक खबरदारी. कमिशन फंड कंपनी देते, साधारण वर्षाला अर्धा ते एक टक्का. एक कोटी रुपये लोकांनी त्याच्यामार्फत लावले तर वर्षाला पन्नास हजार ते लाख सुटतात. भूमसारख्या गावात एक कोटी जमायला वर्षे लागतात, म्हणून सुरुवातीला दुकानाबरोबरच करावे. आणि ज्याला कमिशन मिळते तो जास्त कमिशनचा माल पुढे करतो, हे आपल्याला कापडातून ठाऊकच आहे.

जाता जाता गुंतवणूक करणाऱ्यांसाठीही एक सूचना. जो कोणी तुमच्या पैशाबद्दल सल्ला देण्यास येईल, मग तो एम.बी.ए. असो, सी.एफ.ए. असो की मशिदीतला ओळखीचा असो, त्याला नोंदणी क्रमांक विचारा. सल्लागार व विश्लेषकांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर, वितरकांची ‘ॲम्फी’च्या, सर्वांसाठी खुली आहे. नाव टाकले की दोन मिनिटांत दिसते. मोबाइल घरातल्या शाळकरी मुलाच्या हाती द्या, तो शोधून देईल.